डझनभर पिल्लांना शंभर डोसांची बाटली

संपादक महोदय,

गोराईच्या आमच्या परसात बुटक्या बँटम कोंबड्या आहेत. अंडी लहान, पण खुडूक बसण्यात पटाईत. सध्या एक कोंबडी बदकाची अंडी उबवतेय, म्हणजे 21 नव्हे, 28 दिवस बैठक!

अडचण आहे लशीची. मानमोडीची (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची) लासोटा लस पिल्लांच्या डोळ्यात पहिल्याच आठवड्यात टाकायची असते. लहानातली लहान बाटली मिळते ती शंभर डोसांची, आणि कालवली की तास-दोन तासांत संपवायची. आमची पिल्लं डझनभर. दुकानदार म्हणतो, "मावशी, उरलेली फेका." पशुसंवर्धन खात्याने महिन्यातला एक वार गावठाणासाठी ठरवावा. आम्ही बायका पिल्लांच्या टोपल्या घेऊन येऊ, म्हणजे एकच बाटली सगळ्यांत वापरता येईल. लस थंड ठेवायला बर्फाचा डबा मात्र त्यांनी आणावा.

– एक वाचक, गोराई