बंड्या, साहेब झालास, आता ऐक

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय बंड्या,

प्रमोशनचं कळलं. अभिनंदन आहेच, पण पेढे इथे येऊन दे. कुरियरचे चालणार नाहीत. कंपनीने लगेच 'इमोशनल इंटेलिजन्स'च्या, म्हणजे भावनिक समजेच्या, ट्रेनिंगला बसवलं म्हणून हसत होतास. "राग आवरा, शांत राहा, एवढंच शिकवतात रे," म्हणालास. त्या 'एवढंच'वर माझं भांडण आहे.

इमोशनल इंटेलिजन्सची कल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडली. १९९५मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने ती ऑफिसाऑफिसांत पोचवली. सॅलोव्हे-मेयर यांनी पुढे तिचे चार भाग पाडले: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशातून येतात नि कशा बदलतात ते समजणं, आणि मग त्या सांभाळणं. म्हणजे आवरण्याचं कलम सगळ्यात शेवटी. ट्रेनिंगवाले मात्र तिथूनच सुरुवात करतात, कारण ते स्वस्तात पडतं. खालच्याने गप्प बसायचं, वरच्याला काहीच बदलावं लागत नाही.

आमच्या नंदेसरीच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला चार्ज देतो. तापमान, प्रेशर सगळं रजिस्टरमध्ये असतं. पण "दोन नंबरचा पंप आज जरा वेगळा आवाज करतोय" हे तिथे कोणी लिहीत नाही. ते तोंडी येतं, आणि तेही समोरच्याची भीती नसेल तर. आमचे एक जुने इन्चार्ज होते, गुजराती भाई. शिव्या द्यायला अजिबात कंजूष नव्हते. पण ऑपरेटर "कंई नहीं, साहेब" म्हणाला, की जागचे हलायचे नाहीत. चहा मागवायचे, तिथेच स्टूल ओढून बसायचे. थोड्या वेळाने गळकी सील, घरातलं आजारपण, सगळं बाहेर यायचं. तुझ्या ट्रेनिंगच्या परीक्षेत ते सपशेल नापास झाले असते! त्यांच्या शिफ्टच्या नावावर बिघाडांच्या नोंदी मात्र सगळ्यात जास्त, म्हणून मॅनेजमेंटला वाटायचं हीच शिफ्ट ढिली.

एमी एडमंडसन या संशोधिकेला नव्वदच्या दशकात इस्पितळांत हेच दिसलं. औषध देण्यातल्या चुका तपासायला गेली, तर ज्या टीमचं आपसांत चांगलं जमतं तिथेच चुकांची नोंद जास्त. मग तिच्या लक्षात आलं, की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, उघडपणे सांगितल्या जात असाव्यात.

तेव्हा पहिल्या महिन्यात वाईट बातम्या वाढल्या तर घाबरू नकोस. सगळं आलबेल आहे असं रोज ऐकू आलं तर मात्र चौकशी कर. आणि हो, प्रत्येकाला "कसं वाटतंय?" विचारत फिरू नकोस. रजा नामंजूर करून वर असं विचारणाऱ्या साहेबाइतका चीड आणणारा माणूस नाही.

दिवाळीत ये, शेव-उसळ खायला जाऊ. आणि तुझ्या टीममधली ती मुलगी, मीटिंगमध्ये कधीच तोंड उघडत नाही म्हणालास ती, तिला इतक्यात कुठल्या ट्रेनिंगला पाठवू नकोस. पुढच्या मीटिंगला घड्याळ लावून बघ, तू स्वतः किती वेळ बोलतोस, आणि मला कळव.

तुझा,
मध्या