मृणालताई फक्त पाण्यापुरत्या नव्हत्या

महोदय,

समाजवादी नेत्या मृणाल गोरे म्हटलं की पाण्यासाठीचा हंडा मोर्चा, महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चा आणि ‘पाणीवाली बाई’ एवढंच आठवलं जातं. १९७७ मध्ये त्या आणि अहिल्याताई रांगणेकर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, हेही थोडंफार. पण गर्भलिंगनिदानाविरुद्ध मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय, म्हणजे सरकारने नव्हे तर आमदाराने मांडलेलं, विधेयक आणलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला तसा पहिला कायदा केला, हे कुणी सांगत नाही. तेव्हा मी प्रसूतिगृहात परिचारिका होते. ‘मुलगी असेल तर आजच मोकळी करा हिला,’ असं सासू सुनेसमोरच सांगे. सून पदराचं टोक पिळत खाली बघत राही. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं! नर्सिंगच्या मुलींना हा इतिहास मृणालताईंच्या नावासकट शिकवा.

– एक निवृत्त परिचारिका, गोरेगाव