मैत्रिणीस पत्र

शैले,

रागावली असशील, रागाव. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, ह्यांचा गुडघा जिथल्या तिथे. आता मुद्दा.

आमच्या अनूने एका पुस्तकासाठी रात्री जागून वनस्पतींची चित्रं काढली. कारवी, सोनकी, तेरडा. पाकळीवरची शीर न् शीर. पुस्तक आलं, तिचं नाव कुठेच नाही. साहेब म्हणतात, चित्रं संस्थेची. आणि ही बया म्हणते, "जाऊ दे ना आई, पैसे मिळाले." झोप उडालीय माझी.

त्यात भर म्हणून डॉक्टर गिब्सनबद्दल वाचायला घेतलं. लोकलमध्ये आपण जिथे डुलक्या काढायचो त्या दापोडीला कंपनी सरकारची वनस्पतीबाग होती, माहितीये? हा स्कॉटिश सर्जन आधी दख्खन-खानदेशात देवी टोचत हिंडला, मराठी-गुजराती शिकला, १८३८ मध्ये बाग त्याच्याकडे आली. माणूस आवडला मला, खोटं कशाला बोलू! जंगल तोडलं की कोकणातले झरे आटतात, हे त्याने तेव्हाच सरकारच्या कानावर घातलं. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल नावाचा वनस्पतीतज्ज्ञ आणि तो, दोघांनी मिळून इथल्या वनस्पतींवरचं 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक काढलं. दोघांचीही नावं छापून हं!

आणि त्याच गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडांची चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलीत. काढली कुणी? तर एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने. नाव नाही. तुमच्या गोव्याकडचाच कुणी फर्नांडिस नाहीतर डिसोझा असेल. झाडांना मात्र दोन-दोन लॅटिन नावं!

सरांच्या प्रबंधातल्या तुझ्या चित्रांवरून आपलं वाजलं होतं ना? तू म्हणालीस, छापली हेच खूप. मी तुला बावळट म्हटलं, तू माझा डबा खाणं सोडलंस. तीनच दिवस, कारण चौथ्या दिवशी पुरणपोळी होती. पण अजूनही म्हणते, बावळटच होतीस. आज खरं सांग, कधीच टोचलं नाही? नसेल टोचलं तर मीच गप्प बसते. टोचलं असेल तर अनूला सांग, दुसरी आवृत्ती निघायच्या आत. माझं ऐकत नाही ती, मावशीचं ऐकेल.

घराचं रंगकाम उरकलं का? सुनेचं बाळंतपण म्हापशालाच ना? डिंकाचे लाडू पाठवते.

अनूला फोन कर, पण मी सांगितलंय हे बोलू नकोस.

तुझी,
सुमी