मांजरसुंब्याच्या फाट्यावर भेटलेल्या ड्रायव्हर काकांस

काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी धाराशिवहून बीडला निघालेली पांढरी मारुती 800 आठवते का? मागच्या सीटवर सीताफळांच्या दोन पाट्या होत्या, ती. वडिलांची गाडी, 1998 ची, चार गिअरची. चौसाळ्यापासूनच पहिला गिअर टाकताना करकर वाजत होता. मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहाला थांबले. परत निघताना क्लच दाबला तर पाय थेट खाली गेला आणि पेडल वर आलंच नाही.

चार जण गोळा झाले. "ढकला", "टोचन लावा", "गिअरबॉक्स गेला", ज्याला जे सुचलं ते. महिनाभरापूर्वी एका गॅरेजवाल्यानंही गिअरबॉक्सच उघडावा लागेल म्हणून पोटात गोळा आणला होता. तुम्ही यष्टीची वाट बघत बाकड्यावर बसला होतात. उठून आलात, इंजिन बंद ठेवूनच चारही गिअर टाकून बघितले. लोण्यात सुरी जावी तसे पडले. "बॉक्स खराब असता तर बंद गाडीतबी अडला असता. क्लच सुटत नव्हता, म्हणून वाजत व्हता. तार तुटली, दुसरं काय बी नाही." बॉनेट उघडून तुटकी वायर दाखवलीत. तिचे धागे बहुतेक कधीपासून एकेक करून तुटत आले होते आणि मी मात्र गिअरबॉक्सच्या खर्चाचा हिशेब करत बसले होते!

पुढचे वीसेक किलोमीटर मी विसरणार नाही. पहिल्या गिअरमध्येच चावी फिरवलीत. गाडीनं दोन हिसके दिले नि चालू लागली. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअर न्यूट्रलला, क्षणभर थांबून, आवाज खाली आला की अलगद दुसरा. जोर नाही, खडखड नाही. "जुन्या यष्टीला डबल क्लच मारल्याबिगर, म्हंजी क्लच दोनदा दाबल्याबिगर गिअर पडत नव्हता. तवा कान लागला तो लागलाच." घाट उतरताना दुसऱ्याच गिअरवर राहिलात. मी भीत भीत न्यूट्रलचं विचारलं तर केवढ्यानं ओरडलात! "इंजिनानं गाडी धरून ठेवली पाहिजे. नुसत्या ब्रेकवर घाट उतरतेत का?"

पालीच्या पुढं सपाटी लागली, तसं गाडी बाजूला घेऊन मला म्हणालात, "आता तुपली गाडी तूच चालव." पहिल्यांदा दुसरा टाकताना असा काही करकरला की मी डोळेच मिटले. "घाई करू नको लेकरा, आवाज पडू दे." तिसऱ्यांदा जमलं. तेवढ्यात तुमचं लक्ष माझ्या डाव्या पायाकडं गेलं. क्लच तुटलेला असूनही पाय पेडलवरच होता, सवयीनं. "असा पाय ठेवून क्लचचं बेअरिंग खाल्लं असशील," म्हणालात. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची माझी खोडही तुम्ही न बघताच ओळखलीत. हँडब्रेक कशाला दिलाय, असं वरून विचारलंत. खरं सांगू का, लायसन्स काढून नऊ वर्षं झाली, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा काढायला शिकवला, बस.

बीडला स्टँडच्या अलीकडं तुम्ही उतरलात. पैसे घेतले नाहीत. दोन सीताफळं घेतलीत, तीही नातवासाठी म्हणून, आणि गेवराईची गाडी लागलेली दिसताच पळालात.

दुसऱ्या दिवशी नवीन वायर बसवली. मजुरी धरून हजाराच्या आत भागलं. रिव्हर्ससुद्धा आता दोन बोटांनी पडतो. 2014 ला ही गाडी बनायची बंद झाली, तरी वायर दुकानात मागितली की मिळाली. बाबांना सगळं सांगितलं तर ते हसून म्हणाले, तो पाय मी वीस वर्षं तसाच ठेवतोय.

आणि काका, लेकीनं दिलेला तुमचा स्टीलचा डबा सीटखाली राहिला. धपाटे होते. दुसऱ्या दिवशी सापडला, तोवर टिकले होते, म्हणून आम्ही खाल्ले, माफ करा. डबा घासून ठेवलाय. गेवराईतलं कुणी हे वाचत असेल तर त्यांना निरोप द्या. रिकामा डबा परत करायचा नसतो, असं आईनं बजावलंय, तेव्हा काय भरून आणू तेवढं कळवा.

तुमची,
पांढऱ्या मारुतीवाली