कॅटलिनाची पैज

नाशिक

प्रिय दिल्या,

आठ महिन्यांत एक ओळ नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. आपली ती जुनी पैज: अमेरिकी युद्धनौका इंडियानापोलिस बुडाली, तिची माणसं वाचवायला वैमानिक मार्क्सनं कॅटलिना, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, खुल्या समुद्रात उतरवलं; ते उतरण्यानंच निकामी झालं का? तू ‘नाही’ म्हणायचास, तेच बरोबर होतं.

ओझरपासून माझा एकच हेका: विमान उतरतानाच संपलं. 2 ऑगस्ट 1945, फिलिपीन समुद्र, 12 फुटी लाटा, खुल्या समुद्रात उतरायची मनाई, तरी पठ्ठ्यानं उतरवलं, रिव्हेट उडाले, खेळ खलास. इतकी वर्षं पोरांना शिकवताना ‘चुकीचं लँडिंग’ म्हणून मी हाच दाखला दिला. परवा पंखाचा नकाशा पुन्हा काढला आणि झोप उडाली लेका.

आधी बुडाचं, म्हणजे पाण्यावर टेकणाऱ्या विमानाच्या पोटाचं बघ. नाक वर धरून, इंजिनं चालू ठेवून त्यानं विमान स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल सुटते त्या क्षणी, टेकवलं. पहिल्या आपटीला 15 फूट उसळलं. सांधे सुटले, रिव्हेट निघाले, हे खरंच. पण रिव्हेटच्या भोकांत पेन्सिली ठोकल्या, सांध्यांत कापूस कोंबला, आणि उपसावं किती लागलं? तासाला 10 ते 12 बादल्या. बादली दहा लिटरची धर, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आतच. माझ्या मोरीचा नळ याच्याशी स्पर्धा करेल. एवढ्यानं कॅटलिना बुडत नाही. शिवाय त्याच समुद्रात अमेरिकी लष्करी हवाई दलाची दुसरी कॅटलिना उतरली होती, वैमानिक अल्कॉर्नची. तिला एकच जिवंत माणूस मिळाला आणि दुसऱ्या दिवशी ती उडून परत गेली. हे तू कँटीनमध्ये टेबल आपटून सांगायचास आणि मी विषय बदलून चहा मागवायचो.

आता पंख. टोकापासून टोकापर्यंत 104 फूट. मागच्या स्पारपर्यंत, म्हणजे पंखाच्या लांब तुळईपर्यंत, धातूचा पत्रा, त्याच्या मागे रिबांवर (पंखाच्या फासळ्यांवर) ताणलेलं डोप केलेलं, म्हणजे ताठ करणारा लेप दिलेलं कापड. पोटात जागा संपल्यावर मार्क्सच्या लोकांनी माणसं पंखावर चढवली आणि घरंगळून पडू नयेत म्हणून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधली. साडेतीन दिवस समुद्रात काढलेली, तेलानं माखलेली, भ्रमात हातपाय झाडणारी माणसं. कापडात टाच गेली की झालं. तुला काय सांगायचं, कापड दुरुस्त करायचं म्हणजे फाटलेलं शिवायचं, ठिगळ लावायचं, डोपचे हात मारायचे आणि वाळू द्यायचं. ओल्या, खारट, तेलकट कापडावर डोप धरतच नाही. तसंच उडवलं तर हवा आत शिरून कापड फुगतं आणि रिबांवरून सोलत जातं. इथं पेन्सिल काही कामाची नाही.

म्हणजे विमान गेलं ते उतरण्यात नाही, माणसं भरण्यात. आणि ती त्यानं डोळे उघडे ठेवून भरली. वरून शार्क बघितले होते. गटातल्यांना एकमेकांचा आधार होता म्हणून एकटेदुकटे आधी उचलले. लाइफ जॅकेटं कापोकची, म्हणजे सावरीसारख्या कापसाची, दोनेक दिवसांत भिजून जड होणारी. त्यातून कॅटलिनाला पाण्यात ना ब्रेक ना पाण्याचं सुकाणू. दोन थ्रॉटल कमीजास्त करून वळवायचं, वर पंखे फिरताहेत, खाली पोहणारा माणूस. 56 जण काढले. इंडियानापोलिसचे एकूण वाचले 316, म्हणजे साधारण सहातला एक त्या एकट्या विमानानं उचलला.

मध्यरात्री सेसिल डॉयल ही युद्धनौका मदतीला आली, सर्चलाइट आभाळाकडे रोखून, म्हणजे तरंगणाऱ्यांना कळावं की कुणीतरी आलंय. होडीनं सगळे तिच्यावर हलवले, सकाळी विमानातली उपकरणं काढून घेतली आणि तोफेनं ते बुडवलं. मी याला पुरावा लपवणं म्हणायचो! तू तेव्हा दोन दिवस बोलला नव्हतास माझ्याशी, आणि ठीकच केलंस.

तरी अर्धा गुण माझा. बुडात पाणी असताना थ्रॉटल दिलं की ते मागे धावतं, शेपूट दबते, विमान पायरीवर चढायला, म्हणजे बूड उचलून पाण्यावरून घसरत वेग घ्यायला, मागत नाही. सांधे सुटलेलं बूड त्या लाटांत टेकऑफच्या धक्क्यांना टिकलं असतं का? शंकाच आहे. पंख धड असते तरी त्यानं प्रयत्न केला असता असं मला वाटत नाही. यावर भांडायचं असेल तर नकाशा घेऊन ये.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? नातीचं नाव काय ठेवलंत? फोटो पाठव, मोठा पाठव, मला दिसत नाही.

पोरांच्या जुन्या नोट्समध्ये ते पान बदलायचंय. ‘लँडिंग’ खोडलं, तिथं काय लिहू ते सुचव. पैजेची मिसळ माझ्याकडून. पाव तुझे, अर्ध्या गुणाचे.

तुझा,
सुऱ्या