'मांडलिक' एवढा स्वस्त करू नका!

मा. संपादक, स. न. वि. वि.

महापालिका निवडणुकांच्या बातम्यांत हल्ली जो तो कोणाचा तरी 'मांडलिक' असतो. तिकिटासाठी बंगल्याबाहेर ताटकळणारा मांडलिक आणि सभेत सतरंज्या उचलणाराही मांडलिक! होयबा, हुजऱ्या, लाचार असे नेमके शब्द असताना या मंडळींना हा मान कशाला?

मांडलिक हा राजाच. मुलूख स्वतःचा, फौज स्वतःची. सम्राटाला खंडणी द्यायची, लढाईला कुमक पाठवायची; घरचा कारभार त्याचा त्याने पाहायचा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या नवव्या शतकातल्या लेखात आधी राष्ट्रकूट अमोघवर्षाचं नाव येतं, मग त्याच्या कृपेने कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार कपर्दीचं. शिलाहारांच्या ताम्रपटांत 'पंचमहाशब्द' मिळाल्याचा उल्लेखही ऐटीत येतो. शृंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा वाजवत मिरवण्याचा हा मान वरून मिळावा लागे. (आजच्या डीजेवाल्यांना तो कोणी दिला, देव जाणे.)

आणि सम्राट ढिला पडला की हेच मांडलिक काय करत? दंतिदुर्ग बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक होता. आठव्या शतकाच्या मध्यावर त्यानेच त्यांना हटवून राष्ट्रकूटांचं राज्य उभं केलं. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांना संपवलं तेही त्यांच्याच मांडलिकाने, तैलपाने. पुढे तैलपाच्या वंशजांना झुगारून यादव भिल्लम देवगिरीला स्वतंत्र झाला. म्हणजे दख्खनच्या तीन मोठ्या राजवटी मांडलिकांच्या पोटातूनच निघाल्या.

सगळेच उलटत असंही नाही. आमच्या ठाण्याचा शिलाहार अपराजित घ्या. राष्ट्रकूट बुडून चोवीस वर्षं झाली होती, तरी ९९७ च्या भादाणे ताम्रपटात तो त्यांची वंशावळ देतो आणि त्यांच्या ऱ्हासाबद्दल हळहळतो. आमच्या इच्छुकांची निष्ठा मात्र दुसऱ्या पक्षाचा एबी फॉर्म हाती पडेपर्यंतच.

हा शब्द राजकारणात वापरूच नये, असं माझं म्हणणं नाही. आपलं राज्य आणि आपली मतं राखून दिल्लीतल्या सरकारला टेकू देणाऱ्या प्रादेशिक पक्षांना तो शोभून दिसेल. फरक इतकाच की, त्यांच्या बाबतीत खंडणी दिल्लीहून येते.

— एक वाचक, ठाणे