हेड न उघडता गाडी थंड करणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45-46 अंशांवर जातो तेव्हा गरम होणारी गाडी गॅरेजात नेली की पहिला शब्द ऐकू येतो, ‘हेड उतरवावं लागेल’, म्हणजे इंजिनचा वरचा भागच खोलायचा. तुम्ही पान्याला हात लावायच्या आधी एकच विचारलंत, ‘तापमानाचा काटा नेमका कधी चढतो?’ त्या प्रश्नाबद्दल हे जाहीर आभार.

सिग्नलला, एसी लावून उभं असताना चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, हे ऐकून तुम्ही संशय रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनचं तापलेलं पाणी गार करणाऱ्या जाळीतून, जाणाऱ्या हवेवर धरलात. महामार्गावर 80 च्या वेगात किंवा घाटात चढला असता, तर आतून चोंदलेला रेडिएटर किंवा वॉटर पंप पाहावा लागला असता. गार इंजिन चालू करून दहा मिनिटांत चढला असता, तर अडकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. एवढं वर्गीकरण केलं तरी निम्मा खर्च वाचतो.

एसी लावल्यावर फॅन फिरत होता, म्हणून फॅनचे फ्यूज आणि रिले संशयातून सुटले. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. वर्तमानपत्राचं एक पान जाळीसमोर धरलंत. डाव्या बाजूला ते चिकटून राहिलं, उजव्या बाजूला सरळ खाली पडलं. मग रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट ढिले करून तो चार बोटं मागे झुकवलात. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत शेवरीचा कापूस, गवताचं बी, किडे आणि आपल्याकडची कोळशाची धूळ यांचा नमद्यासारखा थर बसला होता. पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळे हा थर कुणालाच दिसत नाही. तुम्ही इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीच्या मंद धारेने धुतलंत. प्रेशर वॉशर मारला असता तर पातळ पत्र्या वाकून वाट आणखी बंद झाली असती.

हिवाळ्यात हाच थर का त्रास देत नाही, हेही तुम्ही उलगडून दाखवलंत. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, 95 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर फरक 70 चा. हवा 46 वर गेली की फरक 49 उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद तिथेच 30 टक्क्यांनी घटते. त्यात एसीचा कंडेन्सर पुढून आणखी तापलेली हवा सोडतो.

दुसरा दोष रेडिएटरच्या टोपणात निघाला. त्यावर 1.1 बार छापलेलं, पण दाब तपासायच्या हातपंपावर पाहिलं तर 0.4 बारलाच ते दाब सोडत होतं. अर्धं कूलंट, अर्धं पाणी उघड्यावर 108 अंशांच्या आसपास उकळतं, 1.1 बार दाबाखाली 125 च्या पुढे. टोपणाचं रबर कडक झालं की दाबाचा हा आधार जातो, कूलंट बाटलीतून बाहेर पडतं आणि गळती कुठेच सापडत नाही. नवं टोपण काही शेकड्यांत येतं!

हेडची शंकाही तुम्ही अंदाजाने सोडली नाहीत. सिस्टिमला दाब देऊन दहा मिनिटं दाबमापकाचा काटा पाहिलात, तो हलला नाही. रेडिएटरच्या तोंडावर तपासणीचं निळं द्रव धरलंत, ते पिवळं पडलं नाही, म्हणजे सिलिंडरचा वायू पाण्यात येत नव्हता. ऑइलची काडीही दुधाळ नव्हती, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलं नव्हतं.

थर्मोस्टॅट काढून टाका, असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तुम्ही तो पातेल्यात पाण्यासोबत तापवलात, 82 ला उघडायला लागलेला पाहिलात आणि परत बसवलात. काही इंजिनांत तो काढला की बायपास उघडाच राहतो, थोडं कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं आणि गाडी उलट जास्त तापते.

भरतानाची काळजी तर प्रत्येक गॅरेजने उचलावी अशी. निचरा केल्यावरही ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी उरतं. म्हणून साडेचार लिटरच्या हिशेबातलं सव्वादोन लिटर घट्ट, पाणी न मिसळलेलं कूलंट आधी ओतलंत, वरची भर डिस्टिल्ड पाण्याची. बोअरचं क्षारांचं पाणी नाहीच. गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, टोपण उघडं ठेवून गार इंजिन चालू. थर्मोस्टॅट उघडून पातळी बसली की भर घालून टोपण बंद आणि फॅन दोनदा लागून थांबेपर्यंत वाट. आत हवा राहिली की नवी गाडीसुद्धा तापते.

नवतपा लागायच्या आत उरलेल्या चार गाड्या तुमच्याकडे पाठवतोय. रात्रभर उभ्या ठेवून, सकाळी गार असतानाच आणा, असं सगळ्यांना सांगितलंय, म्हणजे तुम्हाला आल्याआल्या टोपण उघडता येईल.

आपले,
चंद्रपूर–नागपूर मार्गावरचे टॅक्सीचालक